बाई पाणी प्यायला जायच्या

वजाबाकीचं उदाहरण साधंच होतं. ५२ मधून २७ वजा करायचे. दुसरीचा वर्ग, शनिवारची सकाळ, मागच्या भिंतीला टेकून उभे असलेले आम्ही पालक, आणि टेबलावर आइसक्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे. मुलं वर्गात कशी शिकतात ते दाखवायला शाळेने घरच्यांना बोलावलं होतं. भाऊ-वहिनी दोघांनाही सुट्टी नव्हती, म्हणून आत्या गेली. टीचरनी माझ्या भाच्याला उभं केलं. त्याने पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्यांकडे पाहिलं, हात पुढे केला, मध्येच थांबवला आणि छताकडे बघायला लागला. ओठ हलत होते. "येस?" असं टीचर म्हणाल्या, आणि लगेच, "कोण मदत करेल याला?" पहिल्या बाकावरून "पंचवीस!" असा आवाज आला. एक मुलगी पुढे आली, तिने एक गठ्ठा सोडला, बारातून सात काढले, चारातून दोन. सगळं बिनचूक. टाळ्या वाजल्या आणि भाचा खाली बसला. नंतर पार्किंगमध्ये मी स्कूटर काढत होते तेव्हा हेल्मेटचा पट्टा लावता लावता तो म्हणाला, "आत्या, मी ना, तीस देऊन टाकून राहिलो होतो. मग तीन परत घेणार होतो." मला समजायला जरा वेळ लागला. ५२ मधून ३० गेले, २२ राहिले. तीन जास्तीचे गेले होते, ते परत घेतले. पंचवीस. "मग सांगितलं का नाहीस?" "टीचर पुढे गेल्या होत्या ना."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. तेच मला लागलं.

त्याच्या रीतीत एकही गठ्ठा सोडावा लागत नाही. नागपूरच्या इतवारी बाजारात किराण्याच्या दुकानात सुट्या पैशांचा हिशेब असाच चालतो, आधी पूर्ण रक्कम द्यायची मग वरचे परत घ्यायचे. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. त्याने ते तिथे उभ्या उभ्या, छताकडे बघत, स्वतः काढलं होतं. आणि ज्या शाळेच्या भिंतीवर 'मूल स्वतःचं ज्ञान स्वतः घडवतं' असा फलक होता, तिथे हे घडत असताना कुणाच्या लक्षात आलं नाही. मला शाळेला नावं ठेवायची नाहीत. त्या काड्या, तो गटागटाने बसलेला वर्ग, फरशीवर रंगवलेल्या संख्या, हे सगळं कष्टाने उभं राहिलेलं आहे. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमधल्या, म्हणजे शाळांच्या एका गटातल्या, जिल्हा परिषदेच्या शाळांनी ते आधी करून दाखवलं, २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा सरकारी कार्यक्रम आला तेव्हा राज्यभरातले शिक्षक तिथे जाऊन पाहून आले, आणि मग खडू, काड्या, बाटल्यांची झाकणं, चिंचोके घेऊन मुलं जमिनीवर गोल करून बसायला लागली. मी त्या बदलाच्या बाजूची आहे. पण काड्या मुलाच्या हातात दिल्या आणि त्या कुठल्या क्रमाने सोडायच्या ते आधीच ठरलेलं असलं, तर मुलाच्या डोक्यातली दुसरी वाट कुणाला दिसणार? २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात त्रेपन्नसोबत 'पन्नास तीन' असंही वाचन दिलं, तेव्हा सगळा महाराष्ट्र त्यावर बोलत होता. मंगलाताई नारळीकर त्या पुस्तकाच्या समितीच्या प्रमुख होत्या. त्या शांतपणे समजावून सांगत होत्या की ही दुसरी पद्धत मुलांना सोपं जावं म्हणून आहे, जुनी काढलेली नाही. त्या वादात मोठ्या माणसांना आपापलं लहानपण आठवलं. सात वर्षांचं मूल पन्नासच्या पुढे नेमकं कसं मोजतं, ते मात्र कुणी मुलांजवळ बसून ऐकल्याचं मला आठवत नाही.

त्या दिवशी पालकांमध्ये एक आजोबा होते, धोतर-सदरा, हातात नातीची पाण्याची बाटली. त्यांनी विचारलं, "पाढे कधी सुरू करता?" टीचर नम्रपणे म्हणाल्या, "आजोबा, आम्ही पाठांतर करून घेत नाही. मुलं समजून शिकतात." आजोबा गप्प झाले, पण त्यांचं समाधान झालं नव्हतं आणि माझंही नव्हतं. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी दिवेलागणीला परवचा असायचा. शुभंकरोती झालं की पाढे, आणि आजोबांचा मूड असला तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे. ओसरीवरच्या फरशीचा गारवा, उदबत्तीचा वास, बाहेर बडकस चौकाकडून येणाऱ्या सायकलरिक्षांच्या घंट्या, आणि आम्ही चार भावंडं पुढे-मागे डुलत 'तेरा चोक बावन्न, तेरा पाचे पासष्ट'. त्यात विचार नव्हता, ताल होता, आणि तो ताल अजून माझ्या अंगात आहे. भाजीवाल्याने पावशेराचा भाव सांगितला की उत्तर आपोआप येतं. पाढे वेगाने यायला हवेत, या मताची मी आहे, कारण ते वेगाने आले की डोकं दुसऱ्या कामाला मोकळं होतं. घोटाळा तिथे होतो, जिथे पाढ्यांचा वेग आपण विचारालाही लावतो.

आणि इथे मला आमच्या तिसरीच्या बाई आठवतात.

शाळा जुन्या वाड्यात होती. उंच छत, लाकडी जिना, तरटपट्ट्या, ओल्या फडक्याने पुसलेल्या पाट्यांचा तो विशिष्ट वास. जूनच्या शेवटी शेवटी शाळा उघडायची, कारण आधी नागपूरचं ऊन मुलांना वर्गात बसू देत नाही. पुण्या-मुंबईची मुलं पुस्तकाचा पहिला धडा संपवत असायची तेव्हा आमच्या वह्यांना कव्हरं चढत असायची. दाराशी माठ होता, त्यावर पितळेची झाकणी आणि लांब दांड्याचं ओगराळं. बाई प्रश्न विचारायच्या आणि पाणी प्यायला जायच्या. म्हणजे अक्षरशः. "पाऊस पडायच्या आधी मुंग्या अंडी उचलून का नेतात? हात वर करू नका," एवढं म्हणायच्या आणि माठाकडे निघायच्या. सावकाश झाकणी काढायच्या, ग्लास विसळायच्या, पाणी प्यायच्या, पदराने ओठ टिपायच्या, परत येऊन खुर्चीत बसायच्या. मगच "हं, आता सांगा." तोवर वर्गात कुजबुज चालायची, कुणी पाटीवर काही रेघोट्या मारायचं, कुणी नुसतंच खिडकीतून बघायचं. आम्हाला वाटायचं, बाईंना उन्हाचा त्रास होतो. पण त्या डिसेंबरातही पाणी प्यायला जायच्या, तेव्हाही आम्हाला काही कळलं नाही. त्या वर्गात सगळ्यात मागे बसणारी, तोतरं बोलणारी एक मुलगी होती. बाकी वर्गांत ती कधी उठल्याचं आठवत नाही. तिसरीत ती बोलायची. तिचं वाक्य तयार होईपर्यंत बाई माठापाशीच असायच्या.

बऱ्याच वर्षांनी मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंचं काम वाचनात आलं आणि मी जागच्या जागी थबकले. प्राथमिक शाळांतल्या विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं त्यांनी ऐकली आणि घड्याळ लावून एकच गोष्ट मोजली: शिक्षक प्रश्न विचारल्यावर किती वेळ थांबतात. साधारण एक सेकंद. तेवढ्यात मूल बोललं नाही तर प्रश्न पुन्हा विचारला जातो, बदलला जातो, नाहीतर दुसऱ्याकडे जातो. मूल बोलून थांबलं की त्यानंतरही एका सेकंदाच्या आत शिक्षकांचं बोलणं सुरू. मग त्यांनी शिक्षकांना तीन सेकंद किंवा जास्त थांबायला शिकवलं, प्रश्नानंतर एकदा आणि उत्तरानंतर पुन्हा एकदा. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात पुढे काय झालं ते आहे. उत्तरं लांब झाली. 'माहीत नाही' कमी झालं. एरवी न बोलणारी मुलं बोलायला लागली, मुलांनी स्वतःचे प्रश्न विचारले, एकमेकांचं ऐकून त्यात भर घातली. आणि त्यांना आणखी एक दिसलं होतं, ते मला जास्त टोचलं: हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांसाठी शिक्षक जास्त थांबायचे आणि मागे पडलेल्यांसाठी कमी. ज्याला वेळ हवा त्याच्याच वाट्याला तो कमी येत होता, आणि हे कुणी मुद्दाम करत नव्हतं. मला राहून राहून वाटतं, महालातल्या त्या बाईंनी हे कुठे वाचलं असेल? बहुतेक कुठेच नाही. त्यांनी वर्ग पाहिला असेल आणि स्वतःला थांबवायची एक युक्ती शोधली असेल. मास्तरकी करणाऱ्या माणसाला गप्प बसणं फार अवघड जातं. पायांना काम दिलं की तोंड थांबतं.

आता आजच्या टीचरच्या जागी उभं राहून बघा. भाच्याच्या वर्गात ४२ मुलं, तास ३५ मिनिटांचा. शिकवणं, समजावणं, फळ्यावर लिहिणं सगळं सोडून दिलं आणि तास नुसता वाटून टाकला, तरी एका मुलाला ५० सेकंद येतात. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकसाठी ३० मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे. वहीत उतरवून घ्यायचं, ग्रुपवर फोटो टाकायचे, चाचणीचा पोर्शन पुरा करायचा. सरकारी शाळेत असाल तर खिचडीचा हिशेब, मतदारयाद्या, ऑनलाइन माहिती भरणं हेही. वेळापत्रकात कुठलीतरी नवी ओळ शिरायला टपलेलीच असते. पहिलीपासून तिसरी भाषा आणायचा निर्णय २०२५ मध्ये १६ एप्रिलला निघाला आणि २९ जूनला मागे घेतला गेला. त्या वादात भाषेबद्दल, अस्मितेबद्दल खूप बोललं गेलं आणि ते बोलायलाच हवं होतं. पण सहा वर्षांच्या मुलाच्या दिवसातला तेवढा वेळ नेमका कशातून काढणार होतो, हा प्रश्न मला तितकाच मोठा वाटत होता.

'निपुण भारत'बद्दल माझ्या मनात दोन्ही बाजू आहेत. २०२१ साली सुरू झालेल्या या मोहिमेचं म्हणणं साधं आहे: २०२६-२७ पर्यंत तिसरी संपताना प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधं गणित करता यावं. यापेक्षा जास्त गरजेचं दुसरं काही मला सुचत नाही. पाचवीत गेलेलं मूल धड्याचं पहिलं वाक्य अडखळत वाचताना मी पाहिलं आहे. त्याचा चेहरा पाहिला की शिक्षणाच्या सगळ्या थोर गप्पा बाजूला ठेवाव्याशा वाटतात. त्या मोहिमेत दुसरीच्या मुलासाठी मिनिटाला ४५ ते ६० शब्द असं वाचनाचं लक्ष्य आहे. ते चूक नाही. फार हळू वाचलं की वाक्याच्या शेवटी येईपर्यंत सुरुवात विसरते, अर्थ लागतच नाही. पण शेजारच्या घरी एक आई मोबाइलवर स्टॉपवॉच लावून मुलीकडून वाचून घेत होती, मुलगी मध्येच थांबून म्हणाली, "आई, हा कोल्हा खोटं का बोलतो?" आणि आई म्हणाली, "आधी वाच, वेळ चालू आहे." त्या आईची तळमळ मला कळते. मुलीचा प्रश्नही मला कळतो, आणि मोजण्यासारखं तिथे खरं काही असेल तर ते त्या प्रश्नात होतं.

नागपूरपासून दीड-दोन तासांवर सेवाग्राम आहे. शिक्षणाच्या पद्धतींबद्दल आपण परदेशी नावं घेत बसतो आणि आपल्या अंगणात काय घडलं ते विसरतो. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, गांधीजी अध्यक्ष होते. झाकिर हुसेन यांच्या समितीने आराखडा केला, आणि पुढे आर्यनायकम दांपत्याने सेवाग्रामला नई तालीमची शाळा चालवली. हाताच्या कामातून शिक्षण: सूत, शेती, स्वयंपाक, सफाई. नागपूर तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडाची राजधानी, इथल्या सरकारनेही त्याच सुमारास विद्यामंदिर योजना हाती घेतली होती. नई तालीमवर टीका झाली, मुलांना सूतकताईला जुंपता म्हणून. त्यात तथ्य असेलही. पण मी टकळी हातात घेऊन पाहिली आहे. घाई केली की धागा तुटतो. तुटला की थांबायचं, कापसाच्या पेळूचे तंतू पुन्हा जुळवायचे, पीळ द्यायचा. शिक्षक कितीही उतावीळ असला तरी त्या कामात त्याला मुलापुढे पळता येत नाही. आज आनंद निकेतन ही शाळा त्याच परिसरात चालते. तिथे मुलांना भाजीच्या वाफ्यांत काम करताना पाहिलं तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की तिथे कुणी कुणाला "लवकर" म्हणत नव्हतं. मेथी उगवायला लागायचे तेवढे दिवस लागणारच.

मॉन्टेसरीचंही तसंच आहे. आता नागपुरात प्रतापनगरपासून मानेवाड्यापर्यंत गल्लोगल्ली तो शब्द पाट्यांवर दिसतो. खरखरीत कागदाची अक्षरं, लहानमोठे ठोकळे, मण्यांच्या माळा, हे साहित्य महाग. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम मांडलं, तेव्हा ते साहित्य परवडणारं नव्हतं. मग शंख, शिंपले, बिया, पानं, माती. पुढे आदिवासी पाड्यांवर त्यांनी आणि अनुताई वाघांनी शाळा मुलांच्या अंगणात नेली, म्हणूनच तिचं नाव अंगणवाडी. ठोकळे गेले तरी पद्धत टिकली, कारण तिचा गाभा वस्तूंमध्ये नव्हताच. मूल एखाद्या कामात गुंतलं असेल तर मोठ्या माणसाने हात पाठीमागे बांधून बघत राहायचं, एवढा तो गाभा. धूळपाटीवर बोट फिरवणाऱ्या आपल्या पणजोबांनाही गुरुजींच्या छडीखाली हे सुख क्वचितच मिळालं असेल.

भाच्याच्या टीचरना मी दुसऱ्या आठवड्यात भेटले. जाताना मनात धाकधूक होती, पालकांनी भेटायला येणं म्हणजे तक्रारच असा अनुभव त्यांना रोज येत असणार. चोविशी-पंचविशीची मुलगी, डोळ्यांखाली थकवा, हातावर मार्करचे डाग. मी त्याची रीत सांगितली. त्यांनी लगेच वहीच्या मागच्या पानावर लिहून बघितली, ५२, ३०, २२, ३. चेहरा उजळला. "मला हे कधीच सुचलं नसतं," म्हणाल्या. मग जरा वेळाने, "ताई, मी थांबले ना, तर पहिल्या बाकावरची मुलं ओरडतात. मागे पालक उभे होते. मला वाटलं, त्याची फजिती होईल, म्हणून मी पटकन पुढे गेले." त्याला वाचवायलाच त्या पुढे गेल्या होत्या. हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं, आणि तरीही मला वाटतं, त्या तीन सेकंदांत तो वाचलाच असता.

त्याच शाळेत, त्याच शनिवारी, मी पहिलीच्या वर्गातही डोकावले होते. तान्हा पोळा जवळ आला होता. खिडकीत मुलांचे लाकडी बैल ओळीने उभे, आणि मधोमध रंगीत कागदाची, एका मुलाएवढी पिवळी मारबत, म्हणजे रोगराई, संकटं घेऊन जावीत म्हणून नागपुरात मिरवून जाळतात तो पुतळा. टीचर फरशीवर मुलांबरोबर बसल्या होत्या. "ईडा-पीडा घेऊन जा गे मारबत," एवढं म्हणून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय न्यावंसं वाटतं हिने?" होमवर्क, खोकला, डास, भेंडीची भाजी. हसणं चाललं होतं. एक बारीकशी मुलगी काहीच बोलली नाही. टीचरनी तिच्याकडे पाहिलं आणि मारबतीच्या हाताला सुटलेला कागद चिकटवायला घेतला. गोंदाची बाटली उघडली, बोटाने गोंद लावला, दाबून धरला. मुलगी म्हणाली, "घरात येते ना, ते पाणी." २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीकाठच्या वस्त्यांत पाणी घुसलं, तेव्हा ही चार वर्षांची असेल. टीचरनी नजर वर केली. "किती आलं होतं गं?" मुलगी उभी राहिली आणि छातीशी हात धरला. मग हाताकडे बघून विचारात पडली. हात हळूहळू खाली आला, पोटापर्यंत, कमरेपर्यंत. "तेव्हा मी लहान होती," ती म्हणाली.

मी शिक्षणशास्त्र शिकलेली नाही, पण मापन म्हणजे काय हे मला त्या एका हालचालीत जितकं कळलं तितकं पुस्तकात कळलं नव्हतं. पाणी तेवढंच होतं, मोजणारी वाढली होती.

पहिलीच्या त्या टीचर नंतर एकदा गोकुळपेठच्या बाजारात भेटल्या. भाजीच्या पिशव्या सांभाळत बराच वेळ बोललो. म्हणाल्या, सोमवारी वर्गाच्या दाराच्या चौकटीवर त्यांनी त्या मुलीला खडूने रेघ मारायला लावली, तिच्या आईला विचारून, जिथे पाणी आलं होतं तिथे. मग प्रत्येक मूल त्या रेघेशेजारी उभं राहिलं. मग कुणीतरी वितीने मोजलं. सहा विती. दुसऱ्याने मोजलं, पाच. तिसऱ्याने त्याचा हात धरून दाखवला की तू अंगठा नीट लावला नाहीस. भांडणं जुंपली, दोन गट पडले, एक जण शिपाईकाकांना बोलावून आला, त्यांच्या वितीने पाचही भरेना. शेजारच्या वर्गाच्या टीचर गोंगाट होतो म्हणून सांगायला आल्या. "मग खरं किती ते कधी सांगितलंत?" मी विचारलं. टीचर हसल्या. "सांगितलंच नाही. स्केल मी दोन दिवस मुद्दाम कपाटातच ठेवली. बुधवारी त्यांनीच मागितली."